भरवशाचं यंत्र

"दोघांत स्वस्त खंयचां?" हरिश्चंद्रने विचारलं.

सावंतवाडीच्या आपल्या दुकानात सर्वेशने काउंटरवर दोन खोकी मांडली होती. हरिश्चंद्र ती भांडी पारखावीत तशी पारखत होता. उचलून वजन घेत होता, कडा चाचपत होता.

"स्वस्त ह्यां," सर्वेश म्हणाला. "पण ह्यां कोणीतरी वापरून परत दिलेलां. काकांनू, हार्डवेअर वॉलेट कधी वापरलेलां घेवचां नाय. आधीच्यान आत काय करून ठेवल्यान आसात, कळणा नाय. दुसरां कंपनीच्या सीलातलां. साडेतीन हजार जास्ती."

"आणि अनिशचां जुनां?"

"ता गेलां. खाऱ्या हवेन आतून गंजलां. पण घाबरू नको. बिटकॉइन यंत्रात नसतत, ते इंटरनेटार आसतत. यंत्र म्हणजे निसती चावी. नव्या यंत्रात ते चोवीस शब्द टाकले की सगळां परत दिसतलां. शब्द आसत मा?"

"आसत. पाकिटात."

"पाकीट उघडलास?"

"नाय."

"बरां केलास. यंत्र हातात येय पर्यंत उघडू नको. कोणाक दाखवू नको, माका पण नको. शब्द गेले तर देव इलो तरी पैसे परत येवचे नाय."

हरिश्चंद्रने मान हलवली. पाकीट बायकोच्या, विमलाच्या ट्रंकेत, साडीच्या घडीत होतं. वर मुलाच्या, अनिशच्या अक्षरात लिहिलं होतं, 'यंत्र बिघडलं तरच उघडा.' अनिश दोन वर्षांपूर्वी जहाजावर गेला तो परतला नाही. गेल्या मार्गशीर्षात विमलाही गेली. जाण्याआधी तिने पाकीट कुठे आहे तेवढं सांगितलं. त्यापुढे तिला बोलवलं नाही.

आता घरात सून दिव्या आणि चार वर्षांची तन्वी. तन्वीला ऐकू येत नव्हतं. गोव्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाच पुरी व्हायच्या आत ऑपरेशन करा, नंतर केलं तर बोलणं यायचं नाही. त्या ऑपरेशनचे पैसे अनिशने कॉइनमध्ये बाजूला ठेवले होते. पुढच्या सोमवारी ते भरायचे होते.

"सीलातलां ठेव," हरिश्चंद्र म्हणाला. "परवा येतंय."

चाळीस वर्षं तो कट्टा गावच्या बाजारात, दाजीच्या भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून भांड्यांवर नावं घालत होता. लग्नातली, बारशातली, कोणाच्या स्मरणार्थ दिलेली. इंग्रजी त्याला वाचता येत नसे, पण कोणी कागदावर लिहून दिलं की चित्र काढावं तसं तो हुबेहूब उतरवायचा.

घरी आल्यावर त्याने फळीवर बघितलं. वरचे साडेतीन हजार उभे करायला विकण्यासारखं एवढंच होतं. तांब्याचे जाड पेले, दोन डझन. शेवटच्या सुट्टीत अनिशनेच आणले होते. जहाजावरच्या दोस्तांची नावं घाला म्हणाला होता, इंग्रजीत, नंबर टाकून. बाप नावं घालत असताना शेजारी उकिडवा बसून त्याने विचारलं होतं, "बाबा, ह्यां किती वर्सां ऱ्हवतां?"

"माझ्या मागे शंभर वर्सां," हरिश्चंद्र म्हणाला होता.

विमलाने ते पेले कधी कोणाला दिले नाहीत. सत्यनारायणाला नाहीत, शेजारच्या लग्नालाही नाहीत. बायका तिला चिकट म्हणायच्या.

हरिश्चंद्रने ते गोणत्यात भरले. तन्वीने एक पेला घट्ट धरून ठेवला. चमच्याने पेला वाजवून तो गालाला लावायची तिची सवय होती. त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली.

"बाबा, एक ऱ्हवांदे तिका," दिव्या म्हणाली.

"एकान पैसे कमी पडतत गो."

दाजीने गोणतं उघडून बघितलं. "विमलावैनीन माझ्या झिलाच्या मुंजीक दिल्यान नाय ते हेच मा? आणि तू मोडीत घालतंस?"

"ती आसती तर आधी माकाच मोडीत घातल्यान आसतो."

दाजी हसला. तराजू पुढे ओढला.

"थांब," हरिश्चंद्र म्हणाला. "नावां काढतंय आधी."

हा त्याचा जुना नेम. नाव घातलेलं भांडं नावासकट भट्टीत जाऊ द्यायचं नाही. ज्या हाताने घातलं त्याच हाताने काढायचं.

"अरे, भट्टीत सगळां एकच. खंयची ती गोरी माणसां, तुका कित्याक व्हयी?"

"माझ्या झिलाचे दोस्त ते. जिते आसतले खंयतरी दर्यार."

त्याने नावं घालायच्या मशीनला घासायचा दगड लावला. एकेक पेला पालथा मांडीवर घेतला आणि अक्षरं नाहीशी होईपर्यंत घासला. मग अंगठा फिरवून बघितला. कुठे रेघ लागली तर पुन्हा घासला. दुपारपर्यंत सगळी बुडं आरशासारखी झाली. दाजीने वजन केलं. साडेतीन हजारांवर दीडशे आले. दीडशेचा त्याने तन्वीला खाऊ घेतला.

दोन दिवसांनी तो सावंतवाडीहून सीलातलं खोकं घेऊन आला. दिव्याने सर्वेशला फोन लावला, त्याने सांगितलं तसं सील फोडलं, यंत्र वायरीला जोडलं. इवलासा पडदा उजळला. तन्वी टाळ्या वाजवायला लागली.

"शब्द मागतां हा, बाबा," दिव्या म्हणाली. "सर्वेशभावजी म्हणतत, आता फोन ठेवा आणि दार लावून घ्या."

हरिश्चंद्रने दार लावलं. ट्रंकेतलं पाकीट काढलं. नखांत अजून तांब्याचा भुगा होता, कागद मळेल म्हणून त्याने ते दिव्याच्या हातात दिलं.

"वाच. हळू वाच."

आत एकच चिठ्ठी होती. दिव्या वाचू लागली.

"बाबा, मित्रांची नावं म्हणून तुम्हांला थाप मारली, माफ करा. आपल्याकडच्या हवेत कागदाचा भरवसा नाही, म्हणून चोवीसच्या चोवीस शब्द तुमच्याच हातून पेल्यांवर घालून घेतले."