बुडालेल्या आजोबांची मेणबत्ती

"आजी, तुझे आजोबा बुडालेच नव्हते," तिरिल म्हणाली.

बोर्गहिल्डने कॉफीचा कप खाली ठेवला. ऐंशी ओलांडलेल्या बाईला नातीने असलं काही सांगावं, तेही तोंडात बिस्किटाचा घास असताना. "बुडाले. १९०८ च्या वादळात, होडीसकट. आता काय पोहत परत आले?"

शाळेने काम दिलं होतं, बर्गन शहराच्या इतिहासात आपलं घर शोधा. संग्रहालयाने शहरातल्या जुन्या वह्या संकेतस्थळावर टाकल्या होत्या. नाव घातलं की पान उघडायचं. तिरिलने लॅपटॉप आजीकडे वळवला. महारोग्यांच्या इस्पितळाची नोंदवही. रास्मुस तायग्लान, मच्छीमार. दाखल नोव्हेंबर १९०८. मृत्यू मार्च १९३१.

"दुसरा असेल कुणी. त्या नावाचे पैशाला पासरी मिळतील."

"बायको इंगेबोर्ग. मुलगा एक, ओलाई, वय पाच. हेही पैशाला पासरी?"

ओलाई म्हणजे बोर्गहिल्डचे बाबा.

टेबलाच्या कडेला मेणबत्त्यांचा खोका होता. नाताळच्या आदल्या दिवशी सगळं बर्गन आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्ती लावतं. समुद्राने नेलेल्यांना थडगं नसतं, त्यांची मेणबत्ती बंदराच्या तोंडाशी असलेल्या दगडापाशी. आधी इंगेबोर्गआजी बाबांना घेऊन जायची, मग बाबा बोर्गहिल्डला, आता ती तिरिलला. एक वर्ष चुकलं नव्हतं.

तिरिलने पान खाली सरकवलं. शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात एकच ओळ बावीस वर्षं पुन्हा पुन्हा लिहिलेली. पहिला रविवार, पत्नी भेटीस.

बोर्गहिल्डला संताप आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी इंगेबोर्गआजी डबा भरून बहिणीकडे जायची म्हणे. बाबांनी कितीही भोकाड पसरलं तरी त्यांना नेलं नाही. म्हातारपणीसुद्धा ते ही तक्रार सांगायचे.

"म्हणजे तिला सगळं माहीत होतं," तिरिल म्हणाली. "जिवंत नवऱ्यासाठी मेणबत्ती लावायची, वर मुलालाही घेऊन जायची? शी."

"शी म्हणू नकोस. महारोग्याच्या पोराला वर्गात कुणी शेजारी बसू दिलं नसतं."

"मग यंदा मेणबत्ती लावायची तरी कुठे?"

बोर्गहिल्डने चष्मा पुसला. इस्पितळाचा जुना फोटो खाली होता, लाकडी इमारत, रस्त्याच्या अंगाला खिडक्यांची रांग. इमारत तिच्या ओळखीची होती.

"तुझ्या पणजोबांनी, माझ्या बाबांनी, जन्मात कधी होडीत पाय ठेवला नाही," ती म्हणाली. "बापाला समुद्राने गिळलं म्हणून धसका घेतला होता. गोदीवर कामाला लागले तेव्हा चौदा वर्षांचे होते. सगळे होडीने पाच मिनिटांत बंदर ओलांडायचे, हे एकटे वळसा घालून पायी. रोज जाताना एकदा, येताना एकदा."

"कुठून?"

बोर्गहिल्डने फोटोवर बोट ठेवलं.

"इथून. या खिडक्यांखालून."