तीन दाण्यांची शेंग

फारूक सरांचा उजवा हात अलीकडं आपोआप थरथरायचा. डॉक्टरांकडं जायचं ते आज-उद्यावर ढकलत होते. सांगलीत एकदा बोभाटा झाला, की हात हलणाऱ्या मास्तराकडं कीबोर्ड शिकायला पोरं कोण धाडणार? म्हणून शिकवताना तो हात ते मांडीखाली दाबून बसायचे.

पण आज त्यांची शिष्या प्रियदर्शनी रडकुंडीला आली होती. उद्या परीक्षा, आणि सिक्स-एटचा, म्हणजे सहा मात्रांचा, ताल काही केल्या तिच्या हाती लागत नव्हता.

"आगं, एक ते सहा काय मोजत बसलीस? कांद्याची पोती हायत व्हय?" सर म्हणाले. "मोठे ठोके दोनच. दोन शेंगा म्हण की! एकेकीच्या पोटात तीन-तीन दाणं."

"दाणं ऐकूच येत न्हाईत, सर. नुसत्या शेंगाच वाजत्यात."

तिला समजवायच्या नादात सरांचा उजवा हात कधी सुटला आणि टेबलावर ठोके देऊ लागला, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. दर ठोक्यामागं बोटं आपली थरथरत टेबलावर टकटकतच होती. पोरीची नजर त्या बोटांवर खिळली. सरांनी हात झटकन पुन्हा मांडीखाली सारला. आता ही घरी जाऊन सांगणार.

प्रियदर्शनी एकदम खुलली. तिनंही टेबलावर हात टाकला आणि बोटं थेट तशीच थरथरवली.

"आलं की ऐकू! एकेका ठोक्यात तीन-तीन! आवं सर, हा हात आदीच का न्हाई दाखवलासा?"