पाच फोनांचा कान

शालन गेल्यावर लक्षात आलं, की तिचा आवाज आमच्याकडे कुठेच जपलेला नाही. होता तो फक्त नातीच्या बारशाच्या गलक्यात, पाच पाहुण्यांनी काढलेल्या व्हिडिओंमध्ये, कुठेतरी मागे.

आमच्या ऋजुताने ते पाचही व्हिडिओ लॅपटॉपवर जुळवले. ध्वनी हाच तिचा विषय. “बाबा, पाच फोन मिळून एक मोठा कान होतो. तो आपण आईकडे वळवायचा.”

“आणि बाकीचे लोक?”

“त्यांना गप्प करायचं.”

“आत्यालासुद्धा?”

“आत्याला सगळ्यात आधी.”

बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं हसलो.

तिने हेडफोन माझ्या कानांवर बसवले. गलका ओसरत ओसरत नाहीसा झाला आणि शालन अगदी जवळून बोलली, “चला हो, पानं वाढलीत. भात निवतोय.” मग जरा थांबून, “अहो, या ना कुणीतरी.”

पुढे काहीच नव्हतं. रिकाम्या घरात ती एकटीच हाका मारत होती. ऋजुता महिनाभर यासाठी खपली होती. तिला कसं सांगावं, कळेना.

“स्वच्छ आलाय ना?”

“फार छान आलाय,” मी म्हणालो. “पण ती माणसं परत आणता येतील का?”

तिने एक कळ दाबली. मुलांची रडारड, भांडी, आत्याचं हसणं, सगळं एकदम आत आलं. शालनचा आवाज त्यात बुडाला. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “आलो, वहिनी.”