राकट गाडी

"पॉवर स्टिअरिंग बसवू, ऑटोमॅटिक गिअर टाकू, मग चालव," निनाद म्हणाला. "आई, ही जुनी मसल कार आहे. रेड्याचं बळ आहे तिच्यात."

"तिच्या बळाचं तुझे बाबाही हेच म्हणत आले," असं म्हणून हेमलतानं हेल्मेट चढवलं. पक्षाघातानंतर तिच्या नवऱ्याचा, यशवंतरावांचा, डावा पाय क्लचवर टिकत नव्हता. दोन-दोन गाड्या शेजारी लावून सरळ पळवायच्या डेट्रॉइटजवळच्या याच शर्यतपट्टीवर त्यांनी उमेदीत पळवलेली गाडी गॅरेजमध्ये धूळ खात होती, आणि ते तिला बघवत नव्हतं.

हिरवा दिवा लागताच तिनं ॲक्सिलरेटर दणकन दाबला. चाकं जागच्या जागी गरगरली, धुराचा लोट उठला आणि गाडी आडवी वळून कठड्याजवळ थांबली.

"आई, बस झालं!" निनाद धावत आला.

"बाजूला हो," ती म्हणाली. चूक तिला कळली होती. जोर गाडीत होताच; तो तिनं वेळेआधी सोडला होता.

दुसऱ्या फेरीत तिनं क्लच अलगद सोडला. चाकांनी रस्ता पकडेपर्यंत ॲक्सिलरेटरवरचा पाय आवरून धरला आणि मगच पुरता दाबला. गाडी डरकाळी फोडत सरळ सुटली. शेजारची कंप्युटरवाली नवी गाडी थोडक्यात जिंकली, तरी हेमलता हसतच परतली.

यशवंतराव काठी टेकत आले. "हिच्यात काही बदलायचं नाही," त्यांनी निनादला बजावलं. मग त्या गाडीत आयुष्यात पहिल्यांदाच ते उजवीकडे, चालकाच्या शेजारच्या जागेवर बसले. "चल, घरी तूच ने."

"पट्टा लावा आधी," ती म्हणाली.