सीलिया कुठे गेली?

"सीलिया पहिल्या भागाच्या आधीच मेलेली होती," डेल्बर्ट म्हणाला. "आपण जे पाहिलं ते सगळं बुडणाऱ्या बाईला शेवटच्या मिनिटात दिसलेलं."

"मागच्या सोमवारी तर तुम्ही म्हणत होतात, ती घड्याळात अडकलीय?" मार्नाने विचारलं.

"मागच्या सोमवारी तिच्या बाह्यांतून पाणी गळत नव्हतं."

सगळे हसले. दर सोमवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत हे लोक 'नऊची फेरी' या टीव्ही मालिकेचा नवा भाग पाहायला जमत. मार्ना ग्रंथपाल, डेल्बर्ट निवृत्त पोस्टमन. वर्लाची उभी हयात फेरीबोटीवरच्या कँटीनमध्ये गेलेली. सगळ्यांसाठी शिंपल्यांचं सूप अजूनही तीच करून आणायची.

पंचवीस वर्षांपूर्वी ही मालिका याच गावात, याच धक्क्यावर चित्रित झाली होती. शेवटच्या भागात सीलियाची गाडी फेरीवर सापडते. दिवे चालू, दार उघडं, सीलिया नाही. मालिका तिथेच बंद पडली होती. आता ती पुन्हा सुरू झाली होती, आणि पाचव्या भागात सीलिया परतली होती. फेरीच्या स्वयंपाकघरात, जमिनीपासून वीतभर वर तरंगत, "मला उतरायचंय" एवढंच म्हणत.

खोलीत चौथा होता ऑरिन. साठीचा, फिकट, हडकुळा माणूस. नवीन भाग सुरू झाले तेव्हाच तो गावात राहायला आला होता. नेहमी भिंतीला पाठ लावून बसायचा, वाडग्याभोवती हात धरून भराभर सूप संपवायचा आणि बाथरूमला जायचं तरी मार्नाला विचारून जायचा. तिला तो फार सभ्य वाटायचा.

"तेव्हा मालिका पाहून लोकांनी खरंच फेरीवर गाड्या सोडल्या होत्या म्हणे," ऑरिन म्हणाला.

"अहो, फॅशनच होती ती," डेल्बर्ट म्हणाला. "त्या उन्हाळ्यात निदान सात-आठ. दिवे लावून ठेवायचे, दार उघडं टाकायचं आणि पायी उतरून जायचं. गाड्या ओढून नेणारा बिचारा शिव्या घालायचा. नंतर नंतर कोणी चौकशीसुद्धा करेना."

"आणि त्यातलं कुणी खरंच नाहीसं झालं असेल तर?"

"तर तेही दुसऱ्या जगात गेलं," डेल्बर्ट म्हणाला. "सीलियाच्या शेजारी."

वर्लाने पळी पातेल्यावर आपटली.

"दुसरं जग नाही न् तिसरं जग नाही," ती म्हणाली. "ती बाई जिवंत आहे. नवऱ्याच्या हातून मरायच्या आधी पळाली. कुणीतरी तिला आपला रेनकोट दिला आणि बोटीवरच्या नोकरांच्या जिन्याने खाली उतरवलं. बस. बाई नवऱ्याला सोडून गेली यापेक्षा ती हवेत विरघळली हे लोकांना लवकर पटतं."

डेल्बर्टने वही काढली.

"नोकरांचा जिना. हे अजून कुठेच कोणी लिहिलेलं नाही, वर्ला. मी तुझ्या नावाने इंटरनेटवर टाकतो."

"माझं नाव घेतलंस तर पुढच्या सोमवारी सूप नाही."

भाग संपला. मार्ना पुढच्या खोलीत आपल्या टेबलाकडे गेली, डेल्बर्ट घरी. ऑरिन वाडगे विसळायला थांबला. वर्ला पुसत होती.

"रेनकोट कोणत्या रंगाचा होता?" त्याने विचारलं.

"सीलियाला कुठे रेनकोट होता?"

"मी सीलियाबद्दल विचारत नाही."

त्याने खिशातून एक फोटो काढला आणि टेबलावर ठेवला. कडा मऊ पडलेल्या. फोटोत एक तरुण बाई कुंपणाला रेलून उभी होती.

वर्लाने चेहरा ओळखला, त्या उन्हाळ्यात बोटीवर पाहिलेला. ओठ फाटलेला, नाकातून रक्त, दोन्ही हातांनी कँटीनचं काउंटर घट्ट धरून उभी असलेली ती बाई. तीन दिवस कुणाला सांगू नका, एवढंच म्हणाली होती. वर्ला पंचवीस वर्षं गप्प राहिली होती. महिनाभर तर भीतीने तिने वर्तमानपत्रही उघडलं नव्हतं.

तिने दाराकडे पाहिलं. मार्ना हाकेच्या अंतरावर होती.

"तुम्ही तिचा नवरा का?"

"नाही. तो चार वर्षांपूर्वी वारला. दारूने."

"खरं सांगताय?"

"डोंगरापलीकडच्या आमच्या गावात कुणालाही विचारा. वर्ला, मला एवढंच सांगा. ती बोटीवरून उतरली का?"

वर्ला खुर्चीवर टेकली. मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. उभ्या आयुष्यात तिने धाडसाचं असं हे एकच काम केलं होतं, आणि ते कुणालाच सांगता आलं नव्हतं.

"मीच उतरवली. बसमध्ये बसवून दिली, सोबत सँडविच बांधून दिलं. दर डिसेंबरात तिचं कार्ड येतं. नाव नसतं, पण अक्षर तेच. मागच्या वेळी लिहिलं होतं, दुसरी नात झाली."

ऑरिनने नळ बंद केला.

"दुसरी नात," तो म्हणाला.

"सुखात आहे ती. मी कार्डं दाखवते तुम्हाला."

"दाखवा. वकिलालाही दाखवावी लागतील."

तो शब्द वर्लाच्या नीट कानावर पडला नाही. तिचे डोळे भरून आले होते. तिने त्याच्या ओल्या हातावर हात ठेवला.

"इतकी वर्षं शोधताय. फार जीव होता तुमचा तिच्यावर?"

"नाही हो," ऑरिन म्हणाला. "धड ओळखही नव्हती. शेजारी राहायची, एकदोनदा तिची गाडी दुरुस्त करून दिली होती. तिचा खून केला म्हणून मी बावीस वर्षं तुरुंगात होतो."