रुळांवरचं चर्च

बुखारेस्टमध्ये सरकारला रुंद रस्ता हवा होता आणि आमचं जुनं चर्च मधे येत होतं. ते पाडण्याऐवजी अख्खंच्या अख्खं मागच्या गल्लीत सरकवू, असं इंजिनियर कोर्नेलसाहेब म्हणाले, तेव्हा आम्ही मजूरसुद्धा हसलो. तरी भिंती पायापासून कापल्या, खाली रूळ घातले. चर्चमधल्या म्हाताऱ्या नन एउफ्रोसिनामाई मात्र बाहेर यायला तयार होईनात.

"कोसळलं तर माझ्यासकट कोसळू दे!" असं म्हणून त्यांनी आतून कडी लावली.

सकाळी जॅक लावले आणि चर्च चक्क हललं! इंचाइंचानं निघालं. घुमटावरच्या क्रुसावर नजर खिळवून आम्ही भिंतीला हात लावत बाजूनं चालत होतो. संध्याकाळी जॅक थांबले. कोर्नेलसाहेबांनी दार ठोठावलं.

आतून माई कडाडल्या, "सकाळपासून जपमाळ ओढतेय मी! सुरू कधी करणार आहात?"

"माई, पोचलो आपण."

दार उघडलं. समोर परक्या गल्लीत लोकांचे कपडे वाळत होते. माई बघतच राहिल्या. मग आमच्यावरच ओरडल्या, "मग बाहेर काय उभे राहिलात? आत या सगळे! आणि पाय पुसून या!"