सहा चाकांची तोफ

फौजदारांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला बुटात रेती गेली आणि ते आणखीच चिडले.

"ही तोफ आहे."

"तोफच आहे साहेब," गुरुदास म्हणाला. तो पुढच्या चाकाशी बसून हवा सोडत होता. मान वर केली नाही.

"परवानगी?"

"दोन अर्ज केलेत."

"उत्तर आलं?"

"तुम्ही आलात."

मागे उभा असलेला म्हातारा लवू तांडेल फिसकन हसला. फौजदारांनी वळून बघितल्यावर तो खोकायला लागला.

देवबागात वर्षभर दुसरा विषयच नव्हता. पंधरा वर्षं लष्करात तोफा दुरुस्त करून गुरुदास घरी आला, तो लिलावातली सहा चाकी लॉरी घेऊनच. मागच्या फळ्या काढून त्याने तिथे बुडालेल्या बोटीच्या जाड लोखंडी पायपाची नळी बसवली. नळी वर-खाली व्हायची, डावी-उजवी फिरायची. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते, म्हणून गाव खूष होतं. मग डिसेंबरात पोर्तुगीज गेले. गुरुदासचा हातोडा मात्र थांबला नाही.

"आता कोणार मारतलस रे?" लवू रोज विचारायचा. "कावळ्यांर?"

गुरुदास फक्त यंत्राबद्दल बोलायचा. "किल्ल्यावरची तोफ एका जाग्यार बसान रवता. समोरचो काय तिच्यासाठी एका जाग्यार रवतलो? ही धावता. थांबली की दोन मिनटांत मार, नि परत चल."

"मग रणगाड्यासारखे पट्टे कित्याक नाय लावलस?"

"पट्टो तुटलो की गाडी थयसरच. चाक फुटला तर आणखी पाच आसत. रेतीत हवा सोडूची. चाक पसरता, मगे रुतणा नाय."

पहिल्या चाचणीला दणक्याने लॉरीच मागे धावली आणि लवूचं कोंबड्यांचं खुराडं मोडलं. लवूने गुरुदासच्या सात पिढ्या काढल्या. मग गुरुदासने मागे दोन लोखंडी पाय लावले, टोकाला फावडी. पाय रेतीत रोवले की गाडी हलत नव्हती. तरी तो जाळ्याची दोरी वळणाऱ्या राधाबाईकडून सणाच्या धाग्यांची बारीक दोरी आणतच राहिला, वळेल तेवढी. सगळे म्हणाले, लॉरी माडाला बांधणार. घाबरलाय.

गोळा भरीव होता. आत दारू नाही. मागे एक कडी.

"ही कित्याक?" लवूने विचारलं.

"धरूक."

"नि फुटणारो गोळो कित्याक नाय?"

"फुटणारो नको. नेमान जावक होयो."

"कोणार?"

गुरुदास नळीकडे वळला. पण गावाला माहीत होतं कोणावर.

तीन वर्षांमागे त्याच्या बापाची होडी खाडीच्या मुखावर रेतीत अडकली. लाटा अशा, की दुसरी होडी घालता येईना. बाप किनाऱ्यापासून दीडशे वाव लांब होता. दोन्ही हात पसरले की एक वाव, म्हणजे किती जवळ बघा. त्याच्या हाका ऐकू येत होत्या. किनाऱ्यावर सगळा गाव उभा होता, आणि गावात गुरुदासचा थोरला भाऊही. त्याला सगळे भाई म्हणत. बाप सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेला.

गुरुदास रजा घेऊन आला. बाराव्याला भरल्या मांडवात भाईला म्हणाला, "हाक आयकलस, नि उभो रवलस?" तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

भाईच्या बायकोने, नर्मदाने, एकदा धीर करून विचारलं, "भावजीनू, ही तोफ माझ्या घोवासाठी बांधलात काय?"

गुरुदासने बराच वेळ नळी पुसली. मग म्हणाला, "वैनी, भाई समुद्रात कधी जाता, कधी येता, तेवढा माका सांगत जावा."

ती त्याला काही सांगायची नाही. आजसुद्धा सांगितलं नव्हतं. काल नारळी पुनव झाली, समुद्राला नारळ दिला, आणि उधाण उतरलं नसतानाही भाई पहाटेच तिघांना घेऊन गेला होता.

फौजदार जप्तीचा कागद लिहायला बसणार तोच किनाऱ्यावरून ओरडा झाला.

"भाईची होडी! मुखार अडाकली!"

गुरुदास उडी मारून लॉरीत बसला. फौजदारांनी दार धरलं. "गाडी जप्त आहे!"

"मग बसा, सांभाळा तुमची गाडी."

लॉरी सुटली. फौजदार पायरीवर लोंबकळत, टोपी हातात. रेतीतून सहा चाकं मुखाकडे धावली. कुठेही रुतली नाहीत.

होडी आडवी झाली होती. तिघे काठाला चिकटलेले, भाई सुकाणूवर. किनाऱ्यावर गाव उभा होता, तीन वर्षांमागे होता तसाच.

गुरुदासने पाय रोवले. नळीखालच्या उंच पेटीवरची ताडपत्री ओढली. नळी होडीकडे फिरली. गर्दीतून बाया ओरडल्या.

नर्मदा धावत येऊन नळीसमोर उभी राहिली. "पाया पडतंय भावजीनू! तेंचा चुकला असात, पण भाव आसत ते तुमचे!"

"बाजूक व्हा वैनी. वारो बघूक दिया माका."

"मेल्या, शिरा पडो तुझ्या तोफेर!" लवूने तिला खेचून बाजूला घेतलं.

फौजदारांनी पिस्तूल काढलं. "हात वर! गोळी घालीन!"

"घाला," गुरुदास म्हणाला, "पण माझो बार झाल्यार."

त्याने नळी एक बोट वर घेतली, एक बोट वाऱ्याकडे. तिकडे भाईला ती दिसली. तो वाकला नाही. सुकाणू सोडून उभा राहिला आणि त्याने धाकट्या भावाला दोन्ही हात जोडले.

बार उडाला. नर्मदाने डोळे मिटले.

धूर विरला तेव्हा गोळा होडीपलीकडे पाण्यात पडला होता, आणि त्याच्या कडीपासून थेट लॉरीतल्या पेटीपर्यंत ताणलेली राधाबाईची दोरी भाईच्या दोन्ही मुठींत होती.